ओट्यावरची बाई आणि इतर मंडळी

ती बाई पहिल्यांदा आमच्या ओट्यावर बसलेली दिसली, तेव्हा मी तिला रीतसर विचारलं, "काय काम आहे?"

ती बोलली नाही. मी पुन्हा विचारलं. दस्त नोंदणी कचेरीत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. जमीन विकायला आलेला माणूस खरोखर तोच माणूस आहे का, हे तपासणं माझं काम. त्यामुळे समोर येऊन गप्प बसणारी माणसं मला नवी नाहीत. पण त्यांच्या हातात निदान एखादा कागद असतो. हिचे हात मांडीवर, मोकळे. गर्द हिरवी रेशमी साडी, चार बोटं रुंद जरीचा काठ, आणि डोक्यावर त्याच कापडाची एक उंच घडी. तसली घडी आमच्या मेलनल्लूर गावात कुठलीच बाई घालत नाही. दुपारचे अडीच वाजले होते. त्या वेळी आमच्या गल्लीत उन्हात झोपलेलं कुत्रं उठून सावलीत जायचाही कंटाळा करतं.

"कोमळा," मी आत हाक मारली, "कुणी आलंय बघ."

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोण आलंय?"

बाई तिथंच होती. कोमळवल्ली तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. आणि मग माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. माझ्या बायकोचा चेहरा मला धुरकट दिसत होता, गेलं वर्षभर दिसायचा तसाच, वाफ धरलेल्या काचेमागून दिसावा तसा. आणि त्या दुसरीच्या काठातली जर मी मोजू शकत होतो. एक एक तार.

"पोस्टमन होता बहुतेक," मी म्हणालो. "गेला."

आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात मी बायकोशी कधी खोटं बोललो नाही असं नाही, पण ते निदान तिला पटेल असं असायचं. पोस्टमन गेल्याच्या वाटेकडे तिनं पाहिलं. वाट थेट फाटकापर्यंत सरळ आणि रिकामी होती. ती आत गेली.

त्यानंतर मंडळी येऊ लागली. कंपाउंडच्या भिंतीवरून वीतभर उंचीची माणसं एकामागे एक चालत जायची. उंच मुंडाशी, लाल-पिवळे अंगरखे, कमरेला झुलणारे गोंडे. पावलांचा आवाज नाही, बोलणं नाही. पन्नास-साठ जण जाताहेत आणि पानही हलत नाही. मी मान वळवली की तीही वळायची. डोळे घट्ट मिटून उघडले की भिंत नुसती भिंत. एकदा तर नुसता चेहरा आला. मी जेवायला बसलो होतो, चिंचेचा भात होता, आणि ताटापलीकडे परातीएवढं तोंड हवेत थांबलं. पापण्या नव्हत्या. दात होते. मी भात संपवला. मधूनच उठलो असतो तर कोमळानं कारण विचारलं असतं, आणि कारण तर समोरच होतं.

हळूहळू माझ्या चालण्यात फरक पडला. ओट्यावरून जाताना मी त्या बाईला वळसा घालून जाऊ लागलो. ती खरी नाही हे मला कळत होतं. पण परक्या बाईच्या अंगावरून कसं जाणार? झोपाळ्यावर कुणी बसलं असेल तर मी उभाच राहायचो. घर मी बांधलेलं, पेन्शन माझी, आणि आपल्याच घरात मी एखाद्या लांबच्या पाहुण्यासारखा अंग चोरून वावरत होतो.

कुणी विचारेल, डोळे का नाही दाखवलेस बाबा? कोमळा वर्षभर हेच म्हणत होती. मी तिला सांगायचो की हल्ली पेपरची छपाईच वाईट झालीय. बाजारातून चष्मा तीनदा बदलून आणला. तिन्ही चष्मेवाले माझ्या मते मूर्ख होते. पण मंडळी यायला लागल्यावर डॉक्टरकडे जायचं म्हणजे तोंड उघडायला लागणार. आणि तोंड उघडल्यावर काय होतं, ते मी कचेरीत पाहिलं होतं. 'वेडसर' असा शेरा एकदा कागदावर बसला की त्या माणसाच्या सहीला किंमत राहत नाही. मुलगे, मेहुणे त्याला कचेरीत घेऊन यायचे, बाकावर बसवायचे, आणि त्याच्या डोक्यावरून आमच्याशी बोलायचे. त्याला कुणी काही विचारायचं नाही. तो आपला भिंतीकडे बघत बसलेला. तेव्हा मला कधी वाटलं नाही की त्याला भिंतीवर काय दिसतंय ते विचारावं.

शेवटी मी सावरीमुत्तूला सांगितलं. सावरीमुत्तू आमचा शेजारी, निवृत्त चित्रकला शिक्षक, मला इकडच्या पद्धतीनं 'सर'ऐवजी 'सार' म्हणतो, रोज चार वाजता आमच्याकडे कॉफीला येतो आणि कॉफीत पाणी जास्त आहे असं म्हणून दोन पेले पितो.

"माझा एक मित्र आहे," मी म्हणालो. "त्याला घरात माणसं दिसतात."

"मित्राचं घर कुठल्या दिशेला तोंड करून आहे, सार?"

"आमच्यासारखंच. पूर्वेला."

"मित्राची बायको कॉफीत पाणी घालते?"

त्यानं पेला खाली ठेवला आणि ओट्याच्या त्या कोपऱ्यापासून हळूच दूर सरकला. गंमत म्हणजे बाई त्या दिवशी तिथं नव्हतीच; ती त्याच्या पलीकडे फाटकाला टेकून उभी होती. मी सांगितलं नाही.

"जागेचा दोष," सावरीमुत्तू म्हणाला. "तुमच्याआधी इथं कोण होतं, काय झालं, सगळं नोंदणी कचेरीत असणार. जुना दाखला काढा."

हे मला पटलं, कारण त्यात अर्ज होता. मी माझ्याच कचेरीत गेलो. खिडकीत एक नवी मुलगी होती. माझ्या हाताखालून किती खिडक्या गेल्या, हे तिला सांगावं असं फार वाटलं, पण ती म्हणाली, "पुढे बोला."

"गेल्या नव्वद वर्षांचा भाररहित दाखला हवाय." जागेचे आजवरचे सगळे व्यवहार त्यात येतात.

"कारण?"

तिथं कारणाचा रकाना आहे, हे मी विसरलो होतो. तो रकाना मीच वाढवून घेतला होता. मी 'वैयक्तिक' असं लिहिलं आणि खाली सही केली.

"सार," ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही टेबलावर सही केलीत."

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. तिनं माझा हात धरून कागदावर नेला. ज्या हातानं मी हजारो अंगठे शाईत दाबून कागदावर नेले होते, तो हात.

आठ दिवसांनी दाखला आला. अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसत होती, म्हणून सावरीमुत्तूनं मोठ्यानं वाचून दाखवला. आधी कांद्याचं शेत. मग भुईमूग. मग पुन्हा कांदे. मग प्लॉट, मग मी. भांडण नाही, खून नाही, विहिरीत उडी नाही.

"कांद्यानं कुणाला छळल्याची नोंद नाही," मी म्हणालो.

"म्हणजे नोंद न झालेलं काहीतरी आहे," सावरीमुत्तू गंभीरपणे म्हणाला. "कोडांगी बोलवा. आमच्या चर्चच्या फादरना मात्र सांगू नका."

कोडांगी म्हणजे हातातला छोटा डमरू वाजवत भुतं उतरवणारा. करुप्पय्या त्याचं नाव, सव्वीस वर्षांचा अनुभव. कोमळा बहिणीकडे गेल्याची दुपार गाठून सावरीमुत्तूनं त्याला आणलं. कपाळभर भस्म, डोळे तांबारलेले, आवाज असा की भांड्यांच्या फळीवर पेले थरथरले. तो अर्धा तास वाजवत होता. घामानं निथळत त्यानं अचानक डमरू थांबवला आणि माझ्यावर बोट रोखलं. "बोल! कुठं आहेत?"

मला लपवाछपवीचा कंटाळा आला होता. कुणीतरी पहिल्यांदाच सरळ विचारत होतं. "तुमच्या मागे," मी म्हणालो. "तिघं. दोघं उभे आहेत. तिसरा तुमच्या खांद्यावरून वाकून डमरूत बघतोय."

त्याचं बोट खाली आलं. "काय घातलंय?"

"पिवळं मुंडासं. जांभळा अंगरखा, त्यावर मोराची नक्षी. दात जरा जास्त आहेत."

"जास्त म्हणजे किती?"

"थांबा, मोजतो."

सव्वीस वर्षांत लोकांनी करुप्पय्याला 'कुणी आहे का हो?' असंच विचारलं असणार. 'आहे, हा बघा इथं' असं सांगणारा मी पहिलाच. मी "अठ्ठावीस, एकोणतीस" असं म्हणतोय तोवर तो मागे न बघता दारातून गेला. चप्पल इथंच राहिली.

संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर सगळी हकीगत पोचली होती, आणि टपरीवरून गावात. दूधवाला दूध फाटकावर टांगून पळू लागला. समोरच्या घरानं आमच्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. माझा मेहुणा डिंडिगलहून आला, माझ्यासमोर बसला, आणि माझ्या डोक्यावरून कोमळाला म्हणाला, "ताई, यांना सही करता येतेय तोवर घर तुझ्या नावावर करून घे."

मी भिंतीकडे बघत बसलो. भिंतीवर कुणी नव्हतं. पण तिकडे बघायचं नाही तर कुठं, हेच कळेना.

कोमळानं भावाला कॉफी दिली, चारच्या बसमध्ये बसवून दिलं, आणि माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतून बाहेर येत होतो, तर दारात एक बाई उभी. धुरकट, राखाडी, अंगाला कडा नसलेली. नवीच दिसतेय, मी मनात म्हटलं. नेहमीच्या मंडळींपेक्षा हिचे कपडे बरेच साधे होते. ती हलली नाही, बोलली नाही. मी तिला वळसा घातला, डावा खांदा चौकटीवर आपटला, आणि ओट्यावर जाऊन बसलो.

"अहो," मागून आवाज आला. "मी आहे."

मी वळलो. राखाडी बाई तिथंच होती. आवाज तिच्यातून येत होता.

"मी उभी होते तुमच्यासमोर. बघत होते, तुम्ही काय करता." तिनं चौकटीला हात टेकला. "माझ्या बाजूनं गेलात हो. देवळातल्या खांबाच्या बाजूनं जावं तसे."

ती येऊन ओट्यावर माझ्या शेजारी बसली. मग तिनं विचारलं, "किती दिवस झाले?"

"आठ महिने."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू काय म्हणाली असतीस?"

"म्हणाले असते, डोळे दाखवा!"

रविवारी सकाळी लग्नाच्या हॉलमध्ये डोळ्यांचं शिबिर होतं, मदुरैच्या रुग्णालयाचं. माझ्यासारख्या निवृत्त हेडक्लार्कनं धनगर, विटा वाहणारे, शेंगा फोडणाऱ्या बाया यांच्यात रांगेत उभं राहायचं? हा मुद्दा मी घरापासून हॉलपर्यंत मांडत गेलो. कोमळानं माझा दंड सोडला नाही. एका मुलीनं माझ्या सदऱ्यावर नंबर चिकटवला, एकशे बारा. माझ्या मागे एकशे तेरा नंबरची म्हातारी होती, पेच्चियम्माळ. बकऱ्या राखायची. हे मला तिनं न विचारता सांगितलं.

"तंबी, तुझा कुठला डोळा?" तिनं विचारलं. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी अडुसष्ट वर्षांचा, कडक इस्त्रीच्या वेष्टीतला, म्हणजे लुंगीवजा पांढऱ्या धोतरातला. मी उत्तर दिलं नाही. तिनं तरी बोलणं चालू ठेवलं. बकऱ्या, सून, गुडघा, पुन्हा बकऱ्या.

भिंतीवर तक्ता होता. तीन दांड्यांची एकच खूण, वेगवेगळ्या दिशांना वळवलेली. दांड्या कुठं आहेत ते हातानं दाखवायचं आणि तोंडानं सांगायचं. मला तक्ता दिसत नव्हता, पण कान शाबूत होते. पुढच्या आठ जणांची उत्तरं मी पाठ केली. माझी पाळी आल्यावर धडाधड दाखवलं: वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे.

"छान," ती मुलगी म्हणाली. "पण सार, मी आत्ताच तक्ता उलटा टांगलाय."

डॉक्टर तेन्मोळी तिशीतली असेल. तिनं डोळ्यात थेंब टाकले, प्रकाश सोडला, डोळ्यातला दाब मोजला, आणि बराच वेळ डाव्या डोळ्यात बघत राहिली. उजवा सोडून पुन्हा डावाच. मला ती शांतता आवडली नाही.

"चौकटीला डावा खांदा आपटतो का?"

"रोज," कोमळा म्हणाली.

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. तो काढू, तिथं चांगलं दिसेल. डाव्यात काचबिंदूपण आहे. दाब वाढत गेला आणि आतली नस सुकत गेली. दुखत नाही, म्हणून कळत नाही."

"मग त्याचंही ऑपरेशन करून टाका," मी म्हणालो.

"जे गेलं ते ऑपरेशननं येत नाही, सार. कशानंच नाही. वर्षापूर्वी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं. आता जेवढं उरलंय तेवढं थेंब घालून राखायचं. रोज, जन्मभर. आणि तुमच्या भावंडांनाही तपासून घ्या. हे घराण्यात चालतं."

वर्षापूर्वी मी छपाईला नावं ठेवत होतो. कोमळा काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता, शेंगांचा भाव विचारावा तितक्या सहज म्हणाली, "नसलेलं काही दिसतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"माणसं? नटलेली? कधी अगदी छोटी? बोलत नाहीत?"

ही मुलगी आमच्या ओट्यावर कधी आली होती? "डोक्यावर... उंच काहीतरी," मी कसंबसं म्हणालो.

"हं. खूप जणांना दिसतात. डोळ्यांकडून पुरेसं येईनासं झालं की मेंदू मोकळ्या जागेत स्वतःच चित्रं काढतो. डोकं एकदम ठीक आहे तुमचं. वेड्यात काढतील म्हणून लोक सांगत नाहीत, एवढंच."

"हे लिहून द्याल का?" कोमळानं विचारलं. "डोकं ठीक आहे, हे. माझ्या भावासाठी."

"खाली शिक्का हवा," मी म्हणालो. "आणि तारीख."

तेवढ्यात मागून पेच्चियम्माळ म्हणाली, "माझ्याकडे म्हशी येतात."

सगळे तिच्याकडे वळले. "दावणीत उभ्या असतात," ती म्हणाली. "शिंगांना फुलं. तोंडं माणसांची. सुनेला सांगितलं नाही. उगाच घाबरायची."

हॉलमधला गलका बसत गेला. मग खिडकीजवळच्या बाकावरचा एक विटावाला खाली बघत म्हणाला, "आमच्या भिंतीला डोळे येतात. मोठे. दुपारी." पलीकडून एका बाईनं तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "पोरी. पाण्याच्या टाकीत. वर बघत असतात." आणखी कुणी बोललं नाही, पण कितीतरी माना खाली गेल्या होत्या. उन्हाचे पट्टे फरशीवर पडले होते आणि त्या हॉलमध्ये आम्ही होतो त्याच्या दुप्पट मंडळी बसली आहेत, असं मला वाटलं. आणि खरं सांगतो, आठ महिन्यांत पहिल्यांदाच मला एकटं वाटलं नाही.

दुपारी बसनं आम्हाला मदुरैला नेलं. शेजारी पेच्चियम्माळ. मी खिडकीबाहेर बघत होतो, म्हणजे खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. हॉलमधल्या त्या क्षणी वाटलेली आपुलकी बसमध्ये बसेपर्यंत ओसरली होती. ती 'तंबी, तंबी' करत राहिली आणि मी प्रतिष्ठा सांभाळत राहिलो. वॉर्डमध्येही तिनं मला शेंगा देऊ केल्या. मी मानेनंच नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. डोळा बधिर केला होता, मी जागा होतो. खोकायचं नाही म्हणाले, आणि त्या क्षणापासून मला आयुष्यातला सगळा खोकला आठवू लागला. वर पांढरा उजेड होता. मग तो जांभळा झाला, हलू लागला, विहिरीच्या तळातून आकाश बघावं तसा. त्यात काळ्या सावल्या यायच्या, जायच्या. मंडळी आली, मला वाटलं, निरोप द्यायला आली. मी त्यांना चेहरे फुटायची वाट बघत राहिलो. पण त्या फक्त डॉक्टरच्या बोटांच्या सावल्या होत्या. चेहरे आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात बाकावर ओळीनं बसवलं. सिस्टर एकेकाची पट्टी काढत येत होती. माझी काढली. आधी उजेड टोचला, मग उजेडाला कडा आल्या. फरशीवरची भेग. सिस्टरच्या बाहीवरची शाई. आणि खांबाजवळ एक बाई, पांढरे केस, कानांत सैल पडलेल्या कुड्या, डोळ्यांखाली खोल काळं. तिला वळसा घालायचं माझ्या मनात आलं नाही.

"तू कधी म्हातारी झालीस?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी," कोमळा म्हणाली. "तुम्ही पेपरवाल्यांना शिव्या देत होतात तेव्हा." आणि डोळे पुसायला पलीकडे वळली.

डाव्या डोळ्यापुढची राखाडी झाक तशीच होती. ती तिथंच राहणार, हे मला तेव्हा नीट कळलं. सिस्टरनं कोमळाच्या हातात थेंबांची बाटली दिली आणि दोनदा समजावलं: एकही दिवस चुकवायचा नाही.

मग तिनं माझ्या शेजारची पट्टी काढली. पेच्चियम्माळनं डोळा मिचकावला, आकाशाकडे पाहिलं, स्वतःचे हात उलटसुलट पाहिले, आणि मग माझ्याकडे वळून बघत राहिली. नंतर सिस्टरचा पदर ओढला.

"हा बसलेला माणूस तुला दिसतो का गं?"

"दिसतो की, आजी."

"नक्की? परवापासून याच्याशी बोलतेय. हॉलमध्ये बोलले, बसमध्ये बोलले, शेंगा दिल्या. एक शब्द नाही. कपडेपण असे कडक, घडी न मोडलेले. मला वाटलं, हासुद्धा म्हशींबरोबर आलेला."

अख्ख्या बाकावर हशा पिकला. एकतीस वर्षांची नोकरी, त्यातली नऊ हेडक्लार्क म्हणून, असं काहीतरी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात तिनं पुढे होऊन माझ्या दंडाला कचकन चिमटा काढला.

"आई गं!" मी ओरडलो.

"हं," ती समाधानानं म्हणाली, आणि ओच्यातल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. "खा आता."